बिनमिठाचा हंगाम

नत्थूजीनं कांदा फेकला आणि रूपरावनं तो झेलला, एवढंच झालं. वर्ध्यात मे महिन्यात कोणी कोणाच्या अंगावर कांदा फेकला तर त्यात नवल नाही. ऊन असं पडतं की स्टेशनसमोरच्या लिंबावरचा कावळा या फांदीवरून त्या फांदीवर जायचं तर संध्याकाळपर्यंत विचार करतो, आणि खिशात कांदा असला म्हणजे लू लागत नाही हे तिथं पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. रूपराव कापसाच्या जिनात कारकून. हंगाम सरलेला, यंत्रं थंड पडलेली, मालक पचमढीला गेलेले. तेव्हा दुपारचे चार वाजले की तो नत्थूजीच्या हॉटेलातल्या बाकावर येऊन बसे, आणि कोणी ‘होऊन जाऊ द्या, रूपरावभाऊ’ म्हटलं की फुटबॉलच्या शेवटच्या मॅचची गोष्ट सुरू करी. दोन वर्षं तो ती सांगत होता. पहिल्या वर्षी यवतमाळवाल्यांच्या फॉरवर्डनं चेंडू वीस पावलांवरून मारला होता. दुसऱ्या वर्षी तो मैदानाच्या मधोमधून निघाला. या उन्हाळ्यात तो जवळजवळ यवतमाळहूनच सुटला होता आणि वाटेत देवळीच्या मोटारस्टँडवर दोघांच्या टोप्या उडवून आला होता. चेंडूचं वजनही असंच चढत गेलं होतं. भिजलेलं कातडं आधी दोन शेर होतं, मग पाच शेर झालं, आता गिरणीच्या जात्याची तळी झाली होती. आणि असा हा चेंडू गोलाच्या ऐन रेघेवर कॅप्टन रूपरावनं छातीनं अडवला. कातड्याच्या वादीची गाठ छातीवर अशी उमटली की माय आठ दिवस हळद लावत होती. इथं ऐकणारे ‘वा!’ म्हणायचे आणि कोणीतरी चहा सांगायचा. आज ‘वा’ यायच्या आधी नत्थूजीनं भट्टीमागून कांदा फेकला, ‘ठेव खिशात, उन्हाचा हिंडतं,’ म्हणून, आणि रूपरावचा डावा हात त्याला न विचारता वर गेला.

‘अबे, हात तर मोठा तयार हाये तुहा!’ नत्थूजी म्हणाला. ‘पाह्यलं का रे? डाव्या हातानं झेलला. अन् सांगते का, तर छातीनं अडवला म्हणते!’

सगळे हसले. रूपरावही हसला, जरा जास्तच हसला. कांदा तळहातावर बसला होता तो नेमका करंगळीच्या मुळाशी, जिथं कातडी इतर कातडीपेक्षा किंचित पांढरी आणि गुळगुळीत होती, आणि तिथून एक बारीक मुंगी दंडातून मानेपर्यंत चालत आली. त्यानं मूठ मिटली. छातीवर हळद कधीच लागली नव्हती. नत्थूजीच्या मनात काही नव्हतं. नत्थूजीच्या मनात कधीच काही नसायचं, जे असायचं ते तोंडात. कपबशा विसळता विसळता तो पुढं म्हणालाच, ‘तुमच्या त्या सरले लू लागली म्हणते. वासुदेवराव सरले. बोरगावले पडून हायेत चार दिवसांपासून. डाक्टर म्हणते, मीठ-साखरेचं पाणी द्या, नाई तं माणूस हातचा जाईन. तं हे साखर घेतेत, मीठ नाई घेत. काऊन बाप्पा? मिठानं काय केलं त्यायचं?’ रूपराव उठला. गोष्ट अर्धी राहिली होती, चहा यायचा होता. कांदा खिशात टाकून तो सायकलवर बसला, आणि बोरगाव मेघेच्या रस्त्याला लागल्यावरच त्याला कळलं की आपण घरी जात नाही आहोत.

मिठानं काय केलं ते त्याला ठाऊक होतं. अकरा जणांना ठाऊक होतं. पण मीठ ज्याच्यामुळं सुटलं तो एकच होता आणि तो आता पायडल मारत होता. वासुदेवराव सर कॉलेजच्या टीमला मिळाले ते छप्पनच्या जुलैत. त्यांच्या आधीचे मास्तर पलटणीतून निवृत्त झालेले होते. ते कोपर कुठं मारावं, रेफ्रीची पाठ केव्हा असते, हे शिकवीत, आणि टीम जिंकत असे. ते गेले आणि प्राचार्यांनी टीम गणिताच्या सरांच्या गळ्यात घातली, कारण दुसऱ्या कोणाचा तास रिकामा नव्हता. सरांनी जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता. काही वर्षं सेवाग्रामला काढलेली, अंगात खादी, पायात मोटारच्या टायरच्या चपला. त्यांनी नियमांचं पुस्तक दोन दिवसांत पाठ केलं आणि तिसऱ्या दिवशी मैदानावर आले ते अकरा टकळ्या घेऊन. ‘चेंडू कोठी हाये, सर?’ जयवंतानं विचारलं. ‘चेंडू पळून जात नाही,’ सर म्हणाले, ‘आधी अर्धा तास सूत.’ मग पोरं गोलाच्या खांबांना टेकून सूत काढायची आणि रस्त्यानं जाणारे बैलगाडीवाले गाडी थांबवून विचारायचे की हा कोणता खेळ. त्याच सुताचे सदरे विणून आले. श्रावणात ते भिजले की हाफटाइमपर्यंत प्रत्येकाच्या अंगावर एक गोणपाट लटकायचं, आणि फॉरवर्ड पळायच्या ऐवजी ओझं वाहायचे. पण सूत आणि सदरे यांनी टीमला बुडवलं नाही. टीमला बुडवलं ते हातानं. सरांचा नियम एकच होता: चेंडूला हात लागला, कोणाला लाथ बसली, तर रेफ्री पाहो न पाहो, ज्याची चूक त्यानं स्वतः हात वर करायचा. सरळ, खांद्याच्या वर, वर्गात करतात तसा. ‘आणि लपवलं तर?’ बाबारावनं विचारलं होतं. सर म्हणाले, ‘तर मी काहीतरी सोडीन.’

पोरांना आधी ही गंमत वाटली. पहिल्याच सरावात कोणीतरी कोणाच्या नडगीवर लाथ मारली आणि कबूल केलं नाही. दुसऱ्या दिवशी सरांची बायको, अन्नपूर्णाबाई, पदर खोचून मैदानावर हजर. ‘कोण रे तो? माह्या घरी कालपासून गुळाचा खडा उचलून नाई राह्यले. जेवण झाल्यावर गूळ लागते त्यायले, लेकरावानी लागते. कोण हाये तो सांगा, नाई तं एकेकाची टकळी मोडतो!’ जयवंता हात वर करून उभा राहिला आणि सरांचा गूळ सुरू झाला. मग ही रीतच पडली. कधी गूळ बंद, कधी ताक बंद, आणि कोणी ना कोणी एका दिवसात जाऊन हात वर करी. मॅचमध्ये मात्र या रीतीनं अनर्थ केला. पहिल्या मॅचला टीमनं नऊ वेळा हात वर केले. रेफ्री बिचारा शिटी वाजवून वाजवून घामाघूम झाला आणि हाफटाइमला सरांना म्हणाला, की तुमची टीम आहे तोवर माझी गरज काय, मी घरी जातो. जयवंतानं तर एकदा आदल्या दिवशीच्या सरावातल्या लाथेसाठी हात वर केला आणि समोरच्यांना फुकट पेनल्टी मिळवून दिली. तिसऱ्या मॅचपर्यंत गावात नाव पडलं होतं. ‘हातवर कंपनी आली हो!’ पानठेल्यावरून आरोळी यायची. समोरचे फॉरवर्ड खेळायच्या आधीच विचारायचे, ‘काऊन भाऊ, आज कित्ती?’ दसऱ्यापर्यंत पाच हरल्या, नोव्हेंबरात आणखी दोन. नोव्हेंबरात वर्धा मध्यप्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेलं, पण टीम जिथं होती तिथंच राहिली. कॅप्टन म्हणून रूपराव रस्त्यानं मान खाली घालून चालायला शिकला, आणि आता सायकलवरही त्याची मान आपोआप खाली झाली होती. पुढच्या चाकाची सावली रस्त्यावर लांबट होऊन बाजूनं पळत होती. त्या हरण्याची लाज किती स्वच्छ होती, असं त्याला वाटलं. अंगाला लागायची आणि आंघोळीनं जायची.

टीममध्ये खेळणारा म्हणावा असा एकच, गोलकीपर हरिदास. बाप जिनात कापसाच्या गाठी उचलायचा, त्याच जिनात, जिथं आता रूपराव मेजावर वही ठेवून बसतो. हरिदासचे हात बापासारखे लांब होते. तो चेंडूवर झेप घ्यायचा तेव्हा मैदानाबाहेरचे बैलसुद्धा मान वर करतात असं रूपराव सांगायचा, आणि त्याच्या सगळ्या थापांमध्ये एवढीच एक थाप नव्हती. हरिदास त्याच्या घरी अभ्यासाला यायचा. अंगणात, गोठ्याच्या भिंतीला टेकून दोघं बसायचे. चहा आला की रूपरावचा पितळी पेल्यात यायचा आणि हरिदास उठून गोठ्याच्या कोनाड्यातला कप स्वतः काढून आणायचा. चिनीमातीचा, निळ्या फुलांचा, कान तुटलेला. माय, भागीरथाबाई, वरून चहा ओतायची. मन लावून ओतायची, काठोकाठ भरायची, साखरही दोन चमचे जास्त घालायची. पिऊन झालं की हरिदास कप विसळून कोनाड्यात पालथा ठेवायचा. हे इतकं सवयीचं होतं की रूपरावनं ते कधी पाहिलंच नव्हतं. खरं म्हणजे पाहिलं होतं. पाहिल्याशिवाय त्या कपावर किती निळी फुलं होती हे त्याला आज, या उन्हात, सायकलवर कसं आठवलं असतं? पाच होती. दसऱ्याला हरिदास आईबापाबरोबर नागपूरला गेला आणि पांढरा सदरा घालून परत आला. पोरांनी त्याला घेरलं. ‘काय केलं बे तिकडं?’ ‘बुद्ध धम्म घेतला. शपथा घेतल्या.’ ‘कोणत्या?’ ‘लय हायेत. त्यातली एक, खोटं बोलनार नाई.’ बाबाराव खो खो हसला. ‘तं मंग सरच्या नियमानं तू आधीच अर्धा बौद्ध होता! अन् गोलकीपर कसा राह्यशीन बे? इकडं पाहून तिकडं उडी मारा लागते, ते खोटंच ना?’ हरिदास हसला नाही. ‘हासू नको, बाबाराव,’ तो म्हणाला, ‘तेवढ्या मानसांत उभं राहून बोललो मी. माहा बाप बाजूले होता. तो जन्मात पह्यल्यांदा एवढ्या जोरानं बोलला.’ त्यानंतर तो रूपरावच्या घरी आला तेव्हा चहाच्या वेळी उठून कोनाड्यापाशी गेला, हात वर नेला, आणि तसाच थोडा वेळ उभा राहिला. मग म्हणाला, ‘आज नको. तहान नाई.’ त्यानंतर तो अंगणात आला नाही. रूपरावनं विचारलं नाही का ते.

आठवी मॅच यवतमाळवाल्यांशी, डिसेंबराच्या मध्यात. आदल्या दिवशी अवकाळी पडून गेलेला, मैदान चिखल. जयवंताच्या गुडघ्याला लागून एक गोल झाला, त्याचा त्यालाच पत्ता नव्हता, आणि टीम जन्मात पहिल्यांदा एक शून्यानं पुढं होती. लोक चेष्टा करायला आले होते ते ओरडायला लागले. ‘हात खाली ठेवा बे!’ पानठेल्यावाला गळा काढून सांगत होता, ‘आजच्या दिवस हात खाली!’ शेवटची दोन मिनिटं. चेंडू आला तो नत्थूजीच्या हॉटेलात येतो तसा यवतमाळहून आला नाही. दहा पावलांवरून आला, ओला, जड, गडगडत. हरिदास झेपावला, चेंडू त्याच्या बोटांना चाटून पुढं सरकला, हरिदास चिखलात पालथा, आणि रेघेवर फक्त रूपराव. त्याला आठवतं ते एवढंच की चेंडू छातीपाशी आला तेव्हा छाती मागं गेली आणि डावा हात पुढं. वादीची गाठ करंगळीच्या मुळाशी फाडत गेली. मग चेंडू पायात, मग दूर. रेफ्री घोळक्यापलीकडं होता. ‘हात! हात!’ यवतमाळवाले ओरडले. रेफ्रीनं रूपरावकडं पाहिलं. नुसतं पाहिलंच नाही, थांबला. सगळ्या वर्ध्याला ठाऊक होतं की ही टीम विचारायच्या आधी हात वर करते. रेफ्री त्या हाताची वाट पाहत होता. तो हात वर यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ गेला. मूठ मांडीवर आवळलेली, आत गरम आणि चिकट. रेफ्रीनं मान हलवली, म्हणजे हात लागला नसणार असं ठरवलं, आणि थोड्या वेळानं शेवटची शिटी वाजली. त्या दिवशी टीमच्या सात मॅचमधल्या सगळ्या खरेपणाची किंमत रूपरावनं एकट्यानं खाऊन टाकली. पोरांनी त्याला उचललं. वरून खाली पाहताना त्याला हरिदास दिसला, अजून चिखलात हातापायांवर, मान वळवून त्याच्याकडं बघणारा. मग पोरांनी हरिदासलाही उचललं. पहिल्यांदाच. बाबारावनं त्याला खांद्यावर घेतलं, ज्या बाबारावची आई हरिदास गेल्यावर बाकावर पाणी शिंपडायची.

नंतर सर्वांना गोल करून बसवलं, रिवाजाप्रमाणे. सरांनी एकेकाला विचारलं. नाही सर. नाही सर. रूपरावची पाळी आली तेव्हा त्याच्या तोंडातून तोच शब्द निघाला, इतरांच्या शब्दाच्या मागं लागून, जणू तो त्याचा नव्हताच. शेवटी हरिदास. ‘हरिदास, तू अगदी मागं होतास,’ सर म्हणाले. ‘तू पाहिलंस?’ हरिदासनं रूपरावकडं पाहिलं नाही. त्यानं बाबारावच्या खांद्याकडं पाहिलं, त्या खांद्यावर त्याच्या चिखलाचा डाग होता. ‘माह्या डोळ्यात माती गेलती, सर,’ तो म्हणाला. सरांनी सगळ्यांच्या तोंडांकडं एकदा पाहिलं. मग म्हणाले, ‘ठीक. ज्याचा हात लागला तो येऊन सांगेपर्यंत मी मीठ सोडलं.’ कोणीतरी हसलं. गूळ, ताक, मीठ. एक दिवसाची गोष्ट. घरी जाताना रूपराव आणि हरिदास फाटकापर्यंत बरोबर चालले. हरिदास एकच वाक्य बोलला, ते रूपरावला नव्हे, आगगाडी गेली तिच्या मागच्या रिकाम्या रुळांना. ‘दोनच महिने झालते रे.’ कशाला दोन महिने, हे रूपरावनं विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती.

एक दिवस गेला, आठवडा गेला, परीक्षा आल्या, टीम पांगली. त्याला वाटलं, सरांनी केव्हाच मीठ धरलं असेल. माणूस काय असा राहतो? मग सत्तावन्नच्या वैशाखात जयवंताच्या बहिणीचं लग्न. पंगत बसली, पोरांनी वाढायला घेतलं आणि रूपरावच्या हातात नेमकी मिठाची वाटी आली. पत्रावळीच्या डाव्या कोपऱ्यात चिमूट, पुढं. चिमूट, पुढं. वाकून चिमूट सोडणार तोच पत्रावळीवर एक हात आडवा आला. ‘मला नको, रूपराव,’ सर म्हणाले, आणि वर पाहून हसले. त्यांच्या पत्रावळीवर भाजी नव्हती, वरण नव्हतं. साधा भात होता आणि बुंदी. रूपराव ती वाटी घेऊन पुढं गेला आणि पंगतीच्या शेवटच्या माणसाला त्यानं इतकं मीठ वाढलं की तो म्हणाला, ‘काऊन बाप्पा, वैर हाये का?’ त्याच महिन्यात त्यानं नत्थूजीच्या हॉटेलात गोष्ट सांगायला सुरुवात केली. चेंडू मोठा होत गेला तसतसा हात लहान होत गेला. कधी कधी सांगता सांगता त्याला छातीवर खरंच दुखायचं.

बोरगावात सरांचं घर दोन खोल्यांचं. मागच्या दाराला वाळ्याची ताटी लावलेली आणि कोणीतरी पलीकडून तिच्यावर पाणी मारत होतं. थेंब मातीत पडताच वाळत होते. आत अंधार, ओल्या वाळ्याचा वास. सर बाजेवर होते. एवढे बारीक झालेले की बाजेवर चादर अंथरलीय की माणूस आहे, हे दोनदा पाहावं लागलं. अन्नपूर्णाबाई उशाशी पेजेची वाटी घेऊन बसल्या होत्या. रूपरावला पाहून त्या म्हणाल्या, ‘ये बाप्पा. तूही आला का? ये, सांग तूही.’ त्याला ते ‘तूही’ कळलं नाही. त्यानं उभ्याउभ्याच सांगून टाकलं. सायकलवर त्यानं वाक्य जुळवून ठेवलं होतं, ते सगळं सांडलं आणि एवढंच उरलं: ‘सर, माहा हात लागलता. शेवटच्या म्याचले. मीठ घ्या.’

सर हसले. ओठ फुटलेले होते, म्हणून हळू हसले. ‘तू सातवा,’ ते म्हणाले.

‘काय, सर?’

‘परवापासून सहा जण येऊन गेले. जयवंता म्हणाला, उजवा हात लागला. बाबाराव म्हणाला, डावा. रामाजी तर त्या दिवशी मैदानावरच नव्हता, त्याला गोवर झाला होता. तोही आला आणि म्हणाला, माझाच हात.’ त्यांनी श्वास घेतला. ‘पोरं चांगली आहेत. माझं अर्धं शिकवणं फुकट गेलं, अर्धं नाही. पण मी म्हाताऱ्यासारखा फसणार नाही, रूपराव. तू तर कॅप्टन. तू तरी मला खोटं सांगायला येऊ नकोस.’

‘खोटं नाई, सर. डावा हात. हे पाहा.’ त्यानं तळहात उघडला. अंधारात ती पांढरी रेघ त्यालाच दिसेना, आणि कांद्याचं सालपट तेवढं चिकटलेलं होतं. ‘सायकलच्या साखळीनंही होतं तसं,’ सर मायेनं म्हणाले. ‘कोणी पाहिलं होतं?’ बाहेर ताटीवर पाणी पडत होतं, थांबलं. नाव त्याच्या दातांपर्यंत आलं. ते एक नाव घेतलं की सर मीठ घेणार होते, जीव वाचणार होता, सगळं सरळ होणार होतं. आणि त्याबरोबर तो दुसरा, दोन महिन्यांच्या शपथेचा, या अंधारात आणून उघडा करावा लागणार होता. पहिल्यांदा आपल्या चुकीसाठी त्याला वापरला, आता आपल्या कबुलीसाठीही वापरायचा? की हे चांगुलपण नसून पुन्हा तेच, मूठ मांडीवर आवळून उभं राहणं? त्याला कळेना. रेफ्री वाट पाहत होता. ‘कोणी नाई, सर,’ तो म्हणाला.

‘जा, पोरा,’ सरांनी डोळे मिटले. ‘तुझा जीव चांगला आहे.’

कोणी मारलं असतं तरी इतकं लागलं नसतं. अन्नपूर्णाबाईंनी पदर तोंडाला लावला. आणि ताटी बाजूला सारून, हातात रिकामी बादली तशीच, हरिदास आत आला. तालुक्याच्या जनपद सभेच्या शाळेत तो मास्तर झाला होता हे रूपरावला माहीत होतं. चार दिवसांपासून दुपारभर तो या दारावर पाणी मारतो हे माहीत नव्हतं. ‘सर,’ तो म्हणाला, ‘माह्या डोळ्यात माती नोती गेली.’

सरांनी डोळे उघडले. ‘तू खोटं बोललास?’

‘हो, सर.’

‘का रे?’

‘याचं खरं होतं ते. याचं खरं मी काऊन बोलू?’ हरिदासनं रूपरावकडं बोटही केलं नाही. ‘म्हनले असते, नवा बौद्ध झाला अन् कॅप्टनले बुडवते. आयुष्यात पह्यल्यांदा खांद्यावर बसवलतं, सर, उतरवत नोतं मले. पण खोटं माहं होतं. ते माहं मी सांगून राह्यलो.’ आणि त्यानं बादली खाली ठेवून उजवा हात खांद्याच्या वर सरळ उचलला, वर्गात करतात तसा.

अन्नपूर्णाबाई चुलीकडं धावल्या. सरांनी मिठाचा एक खडा जिभेवर ठेवला आणि त्यांचं तोंड असं वेडंवाकडं झालं की बाई घाबरल्या. ‘फार खारट आहे,’ सर म्हणाले. ‘मीठच हाये ते!’ बाई रडता रडता ओरडल्या. पेज पोटात गेली. थोड्या वेळानं सर छताकडं पाहत हिशेब केल्यासारखे बोलले, ‘पेनल्टी त्यांना मिळाली असती. म्हणजे एक एक. बरोबरी.’ आणि मग समाधानानं, ‘सात हरलो, एक बरोबरी. जिंकलो एकही नाही. बरं झालं. मला ती एक पटत नव्हती.’ ते रूपरावला रागावले नाहीत. रागावले असते तर तो तिथं थांबू शकला असता.

ऊन उतरलं होतं. सायकल हातात धरून तो चालत होता आणि हरिदास रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं. साखळी कुरकुरत होती. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि त्या सगळ्या दुपारमधून जे हाताला लागलं ते रूपराव बोलला. ‘चाल घरी. चहा घेऊ.’

हरिदास थांबला. ‘कोणत्या कपात?’ त्यानं विचारलं. त्यात राग नव्हता. खरंच विचारत होता, शाळेत पोराला विचारतात तसं. आणि तो शाळेच्या गल्लीत वळला.

घरी अंगणात कोणी नव्हतं. गोठ्याच्या कोनाड्यात कप पालथाच होता, वर बोटभर धूळ, आत कोळ्याचं जाळं. अडीच वर्षं त्याला कोणाचा हात लागला नव्हता. रूपरावनं तो उचलला, फुलं मोजली. पाच. मग त्यानं तो दगडावर आपटला. फार जोरानं नाही, पण आपटला. आवाज ऐकून भागीरथाबाई हात पुसत बाहेर आल्या. ‘काय फुटलं रे?’

‘काही नाई, माय. तो कप. हातचा सुटला.’

शब्द निघून गेले तेव्हा त्याला ऐकू आले. छाती मागं, हात पुढं. माय वाकून तुकडे वेचायला लागली. ‘जाऊ दे,’ ती म्हणाली, त्याची समजूत घालत, ‘त्यात काय एवढं. दुसरा ठेवतो मी त्याच्यासाठी. कानतुटके लय पडले हायेत घरात.’

रूपराव तसाच उभा होता. मूठ मांडीवर होती. मग ती उघडली, आणि डावा हात हळूहळू वर गेला, कमरेपाशी थोडा अडखळला, पुढं गेला, खांद्याच्या वर, सरळ. मायनं तुकडे ओटीत धरून वर पाहिलं.

‘काऊन रे?’ ती म्हणाली. ‘हात काऊन वर केला?’